पाळण्याआधीचा पूर्वरंग

हिवाळा आला की रसायनी, मोहोपाडा, चौक, खोपोली आणि कर्जत या पट्ट्यातल्या शाळांमध्ये सहलीचा विषय निघतो आणि त्याच्या पाठोपाठ एक वादही. मुलांना इमॅजिका या थीम पार्कला जायचे असते. पालकसभेत किंवा शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी ठामपणे सांगते, की ही शैक्षणिक सहल होऊच शकत नाही. शिकायचे असेल तर गडावर न्या, संग्रहालयात न्या. मजा करायची असेल तर आईबाप सुट्टीत नेतील. शाळेने दोन्हींची सरमिसळ करू नये. असे म्हणणारी माणसे मुलांच्या भल्याचाच विचार करत असतात. त्यांच्यातल्या कित्येकांनी आयुष्यभर मनापासून शिकवले आहे. तरीही हे मत चूक आहे आणि त्यापायी मुलांच्या हातची एक चांगली संधी जाते, असे मला वाटते. म्हणून हा प्रतिवाद.

या मताचा पाया असा, की मजा आणि शिक्षण ही दोन वेगळी खाती आहेत. एकात घातले की दुसऱ्यातून वजा होते. मुलगा हसत-किंचाळत असेल तर तो शिकत नसणार आणि शिकत असेल तर त्याचा चेहरा गंभीरच असणार. हा विचार आपल्याकडे कुठून आला कोण जाणे, पण तो आपल्या मातीतला नक्कीच नाही. महाराष्ट्रात शतकानुशतके लोकशिक्षण झाले ते कीर्तनातून, भारुडातून, पोवाड्यातून. नारदीय कीर्तनाची रचनाच पाहा. आधी नमन, मग पूर्वरंग. पूर्वरंगात कीर्तनकार एक अभंग घेतो, त्याचे निरूपण करतो, विचार मांडतो. मग मध्यंतर, आणि त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. त्यात गाणे आहे, विनोद आहे, नाट्य आहे, समोरचा माणूस श्वास रोखून ऐकेल अशी गोष्ट आहे. आणि आख्यान संपता संपता कीर्तनकार पुन्हा त्याच मूळ अभंगावर येतो. रंजन आणि बोध इथे एकमेकांचे पाय ओढत नाहीत. गोष्ट रंगते म्हणून विचार मनात राहतो, आणि विचार आधी पेरलेला असतो म्हणून गोष्ट वाया जात नाही. गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्या लोकांना सरळ प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. ते ऐकायला माणसे गावोगावहून येत आणि खळखळून हसत. त्या हसणाऱ्या माणसांना शिक्षण मिळाले नाही, असे कोण म्हणेल?

थीम पार्कबद्दल माझे म्हणणे याच चौकटीत आहे. तिथे उत्तररंग तयार आहे आणि तो जबरदस्त आहे. उणीव पूर्वरंगाची आहे. ती भरून काढणे शक्य आहे, आणि ते काम काही अंशी पार्कचे, बरेचसे शाळेचे आहे.

खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यालगत सांगडेवाडीला इमॅजिका हा पार्क २०१३च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. तो मनमोहन शेट्टी यांनी उभारला, आणि २०२२पासून तो मालपाणी समूहाकडे आहे. तिथली नायट्रो ही रोलर कोस्टर पार्काबाहेरूनही दिसते. तिची उंची सुमारे ४० मीटर. पहिल्या चढावर गाडीला साखळी ओढून नेते. माथ्यावर साखळी सुटते आणि तिथून पुढे गाडीला इंजिन नाही. सगळा प्रवास त्या एका चढाच्या कमाईवर चालतो. नववीचा विद्यार्थी स्थितिज ऊर्जा आणि गतिज ऊर्जा पाठ करतो, सूत्र लिहितो, दोन गुण मिळवतो आणि विसरतो. त्याच विद्यार्थ्याला रांगेत उभे असताना सांगा, की ४० मीटर उंची आणि गुरुत्वत्वरण एवढ्यावरून तळाशी वेग किती असेल ते काढ. घर्षण सोडले तर उत्तर येते सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. गणितात वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते, हे त्याच्या लक्षात येईल. म्हणजे वर्गातला सर्वांत जाड मुलगा आणि सर्वांत बारीक मुलगी यांचा वेग सारखाच. हे खरे की खोटे, याचे उत्तर मिळवायला तो आतुर असेल, कारण पुढच्या पंधरा मिनिटांत तो स्वतः त्या गाडीत बसणार आहे. हे कुतूहल वर्गात निर्माण करायला शिक्षकाने किती घाम गाळला असता, याचा विचार करा.

आक्षेप येतो, की गाडीत बसल्यावर भीतीने मेंदू बधिर होतो, तिथे कसले शिक्षण? बरोबर आहे, गाडीत बसून कोणी समीकरणे सोडवत नाही. पण शिक्षण गाडीत बसण्याआधी आणि उतरल्यानंतर होते. मधल्या दोन मिनिटांत शरीर मोजमाप करते. उतारावर आसनावरून उचलल्यासारखे वाटणे, वळशाच्या तळाशी आसनात दाबले जाणे, हे बल शरीराने अनुभवलेले असते. ज्याने ते अनुभवले त्याला नंतर ‘वजन कमी-जास्त का वाटले’ हा प्रश्न विचारला, तर तो ऐकतो, वाद घालतो. ज्याने अनुभवले नाही त्याला तो फक्त परीक्षेचा प्रश्न असतो.

आणि रोलर कोस्टरचा उभा वळसा गोल का नसतो? बारकाईने पाहिले तर तो पाण्याच्या थेंबासारखा दिसतो, वर अरुंद, खाली पसरट. पूर्ण गोल वळसा केला, आणि माथ्यावर गाडी खाली पडणार नाही इतकाच वेग ठेवला, तरी तळाशी प्रवाशावर त्याच्या वजनाच्या सहापट दाब येतो. मानेला इजा होऊ शकते. म्हणून वळण हळूहळू आवळत नेतात. रेल्वेचा रूळ सरळ रेषेतून वळणात शिरताना असाच हळूहळू वाकवतात. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणारा भोर घाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला. त्या चढावर आजही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावतात. आमची मुले ती रोज पाहतात. साखळीने गाडी वर ओढणे आणि मागून इंजिन लावून गाडी वर ढकलणे ही एकाच कामाची दोन रूपे आहेत, हे त्यांना एकदा कोणी दाखवून द्यायला हवे.

बाहेरच्या जगात हे प्रयोग नवे नाहीत. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून मनोरंजन उद्यानांमध्ये शाळांसाठी भौतिकशास्त्राचे खास दिवस भरतात. स्वीडनमध्ये गोथेनबर्गचे लिसेबर्ग उद्यान १९२३पासून आहे. ॲन-मारी पेंड्रिल या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेने ते विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा म्हणून वर्षानुवर्षे वापरले. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांचा गोल फिरणारा पाळणा पाहा. त्यात भरलेल्या खुर्च्या आणि रिकाम्या खुर्च्या एकाच कोनात बाहेर झुकतात. हे पाहायला तिकीट लागत नाही, जमिनीवर उभे राहून डोळे उघडे ठेवले की पुरे. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या जत्रेत असा पाळणा आला की खोपोलीच्या कोणत्याही शिक्षकाला तो धडा फुकट मिळतो. जत्रेला जाऊन सुकी मासळी घेऊन येतो तसा मुलगा एक निरीक्षणही घेऊन येईल.

आता जमिनीकडे वळतो, कारण माझ्या मते या पार्कची सर्वांत मोठी शक्यता तिथे आहे. तिथे राजासॉरस नावाची एक राइड आहे. बोटीतून अंधारात नेऊन डायनोसॉरची गाठ घालून देते. मुले किंचाळतात आणि ओली होऊन बाहेर येतात. बहुतेकांना वाटते, की हे नाव कोणीतरी गंमत म्हणून ठेवले असेल. राजासॉरस नर्मदेन्सिस हा खरा प्राणी होता. त्याचे अवशेष गुजरातच्या तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात रहियोलीजवळ १९८०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांना सापडले. २००३मध्ये भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. दोन पायांवर चालणारा मांसाहारी, डोक्यावर बुटके शिंग असलेला. तो ज्या थरांत सापडला ते लॅमेटा थर दख्खनच्या लाव्हाच्या खाली आणि काही ठिकाणी लाव्हाच्या दोन थरांच्या मध्येही आढळतात. म्हणजे तो या भूमीवर हिंडत होता तो काळ आणि सह्याद्रीचा दगड घडवणारे ज्वालामुखी फुटण्याचा काळ एकमेकांना भिडलेले आहेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या उद्रेकांनी पसरलेला बेसॉल्ट आज पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापून आहे.

राइडमधून ओला होऊन बाहेर आलेला मुलगा मान वर करतो तेव्हा समोर जे डोंगर दिसतात, ते त्या कहाणीचाच पुढचा भाग आहेत. खोपोलीच्या वर नागफणीच्या कड्याकडे पाहिले तर लाव्हाचे एकावर एक बसलेले थर उघड्या डोळ्यांना मोजता येतात. खोट्या डायनोसॉरपासून खऱ्या डोंगरापर्यंत नजर वळवायला दोन सेकंद लागतात. ती वळवणारे कोणीतरी हवे, बस्स. जगातल्या किती डायनोसॉर-पार्कांना हे भाग्य लाभले आहे, की खेळातला प्राणी ज्या काळातला, त्याच काळातला दगड पायाखाली आणि डोळ्यांसमोर?

हे ज्ञान चैनीचे नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री याच तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि ठाकर समाजाची वाडी गाडली गेली. डोंगर कसा बनतो, त्याच्यावरची माती पावसात कशी सुटते, उतार कधी धोक्याचा होतो, हे खालापूरच्या मुलाला माहीत असणे त्याच्या जिवाशी निगडित आहे. डोंगराबद्दलचे कुतूहल जर एखाद्या राइडच्या दारातून त्याच्या मनात शिरणार असेल, तर ते दार बंद करणारे आपण कोण?

रसायनीकरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पार्कात डीप स्पेस नावाची अंधारातली कोस्टर आहे. मुले अंतराळात गेल्याचा आनंद घेऊन येतात. त्यांच्यातल्या रसायनीच्या मुलांना हे ठाऊक असते का, की त्यांच्या घराजवळ अग्निबाणाला लागणारे रसायन तयार होत आले आहे? हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही केंद्र सरकारची कंपनी १९६०मध्ये स्थापन झाली आणि तिच्या कारखान्याभोवती इथे वसाहत उभी राहिली. २०१७मध्ये केंद्राने रसायनीचा कारखाना बंद करायचे ठरवले, पण डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा विभाग मात्र चालू ठेवून तो इस्रोकडे सोपवायचा निर्णय घेतला. कारण देशात ते द्रव्य बनवणारे ते एकमेव ठिकाण होते. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या विकास इंजिनात इंधन जाळण्यासाठी हेच द्रव्य लागते. त्याच पीएसएलव्हीने २००८मध्ये चांद्रयान-१ आणि २०१३मध्ये मंगळयान नेले. प्रेरणा म्हणतात ती आणखी कशी असते? कारखाना बंद झाल्यावर ज्या गावात उदासी पसरली, त्या गावच्या मुलीला हे कळले, की अंतराळाचा एक रस्ता आपल्या पाताळगंगेच्या काठावरून जातो, तर ती डीप स्पेसमधून उतरताना वेगळ्या डोळ्यांनी उतरेल.

पाताळगंगेचीही कहाणी अशीच आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांतून खोपोलीच्या वीजघरात उतरते. १९१५पासून हे चालू आहे, तेव्हा ती वीज मुंबईच्या गिरण्यांना जात असे. वीज करून झालेले पाणी पाताळगंगेत येते, म्हणून ही नदी बारमाही वाहते आणि रसायनीपर्यंतच्या कारखान्यांना पाणी मिळते. नायट्रोच्या ४० मीटरांचे गणित केलेल्या मुलाला आता पाचशे मीटरांचे करायला सांगा. घर्षण सोडले तर ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर वेग येतो. उंची साडेबारा पट झाली, वेग मात्र साडेतीन पटच का वाढला, यावर वर्गात तास रंगेल. सूत्र एकच. ते सकाळी त्याला कोस्टरवर भेटले, संध्याकाळी परतताना खोपोलीत दिसले.

यावर एक आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. सगळे विषय थीम पार्कात नेऊ नयेत. इतिहास तर फार जपून. १९९३मध्ये डिस्नी कंपनीने व्हर्जिनियात अमेरिकेच्या इतिहासावर पार्क काढण्याची घोषणा केली. जागा यादवी युद्धातल्या मनॅससच्या रणभूमीपासून काही मैलांवर होती. जेम्स मॅकफर्सन यांच्यासारखे इतिहासकार विरोधात उभे राहिले आणि १९९४च्या सप्टेंबरात कंपनीने तो बेत सोडला. मी त्या इतिहासकारांच्या बाजूचा आहे. इतिहासात पुरावा असतो, त्यावर मतभेद असतात, शंका असतात. पाळण्यात बसवून नेलेला माणूस शंका काढू शकत नाही. पुण्याजवळ आंबेगावला शिवसृष्टीचा पहिला टप्पा २०२३च्या फेब्रुवारीत खुला झाला. तिथे मुलांना जरूर न्यावे, पण तिथून आल्यावर त्यांच्या हातात एखादे अस्सल पत्र, एखादी बखर आणि तिच्यातल्या विसंगतीही द्याव्यात. आणि जिथे खरा गड आहे तिथे खऱ्या गडावरच न्यावे.

याउलट कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातले सिद्धगिरी संग्रहालय घ्या. तिथे जुन्या गावगाड्यातली कामे माणसाच्या आकाराच्या पुतळ्यांतून मांडली आहेत. लोहार भात्याशी, कुंभार चाकाशी. आजीबरोबर गेलेला नातू तिथे प्रश्नांवर प्रश्न विचारतो आणि आजी उत्तरे देते, कारण तिने ती कामे डोळ्यांनी पाहिलेली असतात. काम कसे होते, यंत्र कसे चालते, निसर्ग कसा वागतो, हे विषय रंजनाबरोबर सुखाने नांदतात. चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओबद्दलही माझे हेच मत आहे. नितीन देसाई यांनी २००५मध्ये तो उभारला आणि ‘जोधा अकबर’साठी तिथे आग्र्याचा किल्ला उभा राहिला. असा सेट किल्ला म्हणून दाखवला तर मुलाची फसवणूक आहे. प्लास्टर, लाकूड आणि रंग यांतून दगड कसा भासवतात हे सांगून दाखवला, तर तो कारागिरीचा उत्तम धडा आहे.

आणि सगळ्याच राइडनी शिकवावे, असा हट्ट मी धरत नाही. ज्या राइडमध्ये अलीबाबा चाळीस चोरांशी लढतो आहे, तिथे माहितीचे फलक लावू नका. मुलांना निखळ खेळायलाही मिळाले पाहिजे.

गडावर नेल्याने सहल आपोआप शैक्षणिक होते, हे गृहीतकही तपासायला हवे. कर्नाळ्याला गेलेल्या किती शाळा मुलांना तिथला सुळका का उरला आणि आजूबाजूचा भाग का झिजला हे सांगतात? किती जण पक्ष्यांचा एक आवाज ओळखून परत येतात? मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५पासून खुले आहे. तिथेही तयारीविना गेलेला वर्ग बटणे दाबून, डबा खाऊन परततो. जागेने सहल शैक्षणिक होत नसते, तयारीने होते. मग तयारी न करण्याचे खापर इमॅजिकाच्या डोक्यावरच का?

पैशाचा आक्षेप मात्र सर्वांत खरा आहे आणि त्याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. पार्कच्या कुंपणापासून फार लांब नसलेल्या कातकरी वाड्यांतल्या मुलांना ते तिकीट परवडत नाही. कोस्टर त्यांना लांबून दिसते, किंकाळ्या ऐकू येतात. ज्या डोंगरांच्या पायथ्याशी हा पार्क उभा आहे त्या डोंगरांतल्या मुलांना आत जागा नसेल, तर त्याने कितीही शिकवले तरी ते अपुरे आहे. तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आश्रमशाळा यांच्यासाठी वर्षातले काही दिवस राखून ठेवले पाहिजेत, आणि त्या दिवशी त्यांना पाहुण्यांसारखे वागवले पाहिजे. कंपनीने हे करावे यासाठी पालकांनी, शिक्षकांनी, लोकप्रतिनिधींनी आग्रह धरावा. या मुलांसाठी भांडायचे सोडून सहलच रद्द करा म्हणणे म्हणजे त्यांनाही काही नाही आणि इतरांनाही काही नाही.

पार्क चालवणाऱ्यांकडे माझी मागणी लहान आहे. मुले सर्वांत जास्त वेळ रांगेत उभी असतात. ती रांग हाच पूर्वरंग होऊ शकतो. नायट्रोच्या रांगेत उंची, गाडीची लांबी आणि एक प्रश्न मराठीत मोठ्या अक्षरांत असावा. राजासॉरसच्या रांगेत रहियोलीचा नकाशा असावा आणि बाहेर पडण्याच्या दारात समोरच्या डोंगराकडे बोट दाखवणारा फलक. डीप स्पेसच्या दाराशी रसायनीचे नाव असावे. खर्च नगण्य आहे, आणि तिकिटात भर पडायचे कारण नाही.

मुख्याध्यापक आणि विज्ञानाच्या शिक्षकांना विनंती आहे. यंदा सहल इमॅजिकाला ठरली तर ती रद्द करू नका. आदल्या दिवशी एक तास वर्गात घ्या. राइडमध्ये मोबाइल नेता येत नाही, म्हणून प्रत्येक गटाला जमिनीवर उभे राहून करायचे एक मोजमाप द्या: गाडीची लांबी आणि ती एका खांबासमोरून जायला लागलेले सेकंद, एवढ्यावरून वेग काढता येतो. परतल्यावर आलेला आकडा सूत्राच्या आकड्याशी ताडून पाहा आणि फरक का पडला ते मुलांनाच शोधू द्या. आणि बस खोपोलीतून जाताना वीजघराचे नळ दिसतात, तिथे पाच मिनिटे थांबा.